सव्वादोन

महानंदा कासारीण दुकानात आली
तेव्हा तिचा फोन तापला होता
भाकरी टाकावी इतका.
वैशाखातलं उदगीर, दुपारचे दोन,
माझ्या टपरीचा पत्रा आपोआप टणटण वाजत होता.
‘लेकरा, ह्याच्यात जागा न्हाई म्हणूलालंय,’ ती म्हणाली,
‘येवढासा तर हाय.
ह्याच्यात कुणी संसार मांडलाय का?’

मांडला होता.
अकराशे सुप्रभात. कमळं, कपबशा, उगवते सूर्य.
एकाच वासराचे सत्तावीस फोटो.
आणि पिशवीत चुकून दाबलेल्या बटणातून निघालेला
अठ्ठावीस मिनिटांचा अंधार,
ज्यात नुसत्या बांगड्या वाजतात.
हा अंधार पुसू का, मी विचारलं.
ती थोडा वेळ ऐकत राहिली.
‘ऱ्हाऊ दे. बाजाराचा आवाज हाय.
सूर्य पूस.’

मग मी सांगत गेलो, आणि ती
हातातल्या काकणांवर एकेक गोष्ट मोजत गेली.
उजेड कमी ठेव, बॅटरी सांजेपर्यंत पुरंल.
वीसच्या खाली जाऊ देऊ नको, शंभराचा हट्ट धरू नको,
रात्रभर काठोकाठ भरत ठेवलं की पोट फुगतं त्याचं.
माठाजवळ ठेव. माठावर नको.
उधारीच्या वहीचा महिन्याला फोटो काढ,
वही उंदरानं खाल्ली तरी जळकोटची बाकी बुडणार नाही.
गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर दिसत नसलं
तर फोटो काढ, त्यावर दोन बोटं पसर,
अक्षर उठून बसतं.
गिऱ्हाईक म्हणंल, गेले बघा पैसे, आणि स्क्रीन दाखवील.
त्याची स्क्रीन बघू नको. तुझा फोन काय बोलतो ते ऐक.
आणि ओटीपी,
हे मी दोनदा सांगितलं,
ओटीपी म्हणजे गळ्यातलं डोरलं.
मागणारा साहेब बँकेचा असो का देवाच्या घरचा,
काढून द्यायचं नाही.

‘लिहिता येत न्हाई मला.’
लिहू नको मग, बोल. हा माइक दाब.
ती वाकली, बाळाच्या कानात नाव सांगावं तशी म्हणाली,
‘मी देवणीच्या बाजारला जाऊलाले.’
फोननं लिहिलं:
मी देवानीच बाजारला जाऊ लाल आले.
मावशी, आपली बोली त्याला कळत नाही,
जरा पुस्तकातल्यासारखं, ‘जात आहे’ म्हण.
तिनं माझ्याकडं असं बघितलं,
जशी बांगडी बसत नाही म्हणून
मी हात तासायला सांगत होतो.
‘मग आवाजच पाठव की. आवाज जातो ना?’
जातो.
ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगतो,
माझी म्हणून.

वीस रुपये दे म्हणालो. ती कनवटीला हात घालते न घालते
तोच फोन वाजला. चाकणहून शिवकन्या,
कंपनीतून आत्ताच सुटलेली, गळ्यात ओळखपत्र, व्हिडिओवर.
महानंदानं लेकीचं तोंड बघितलं. मग म्हणाली,
‘हात दाव. नागपंचमीच्या बांगड्या काढून ठिवते.
अंगठा आत घे. मूठ आवळ. उजेडाकडं धर.’

चौदा वर्षं मी फोन उघडतोय.
पट्टी नाही, दोरा नाही,
मध्ये एक तडकलेली काच आणि अर्ध्या महाराष्ट्राचा रस्ता,
आणि ही बाई डोळ्यांनी मनगट मोजते.
नीट दिसावं म्हणून तिनं
नुकतीच शिकलेली दोन बोटं लेकीच्या हातावर पसरली.
व्हिडिओवर ते चालत नाही, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.
हात काही मोठा झाला नाही.

दिवाळीत अडीच होतं. हे ती मला म्हणाली, हळू, फोन बाजूला धरून.
आता सव्वादोन. तेबी सैल.

लेकीला मापाचं काही बोलली नाही.
फोन तोंडाजवळ नेला, आणि ज्या भाषेला
तो लाल करून टाकतो, त्याच भाषेत विचारलं,
‘जेवूलालीस का न्हाई?’